कर किरकोळ होता, मग अमेरिकेत क्रांती का झाली?

प्रश्न थोडक्यात असा आहे: साखर कायदा, स्टॅम्प कायदा, टाउनशेंडचे कर, चहा कायदा ही यादी पाठ आहे, पण उत्तर लिहायला बसलं की यादीच उतरते. शिवाय अमेरिकेतल्या वसाहतींवरचा कर ब्रिटनमधल्या लोकांपेक्षा कितीतरी हलका होता, आणि १७७३ च्या कायद्याने तर चहा स्वस्तच झाला. मग बंड कशासाठी? की बड्या व्यापाऱ्यांनी आपल्या फायद्यासाठी लोकांना भडकवलं, हेच खरं?

विचारणाऱ्याला नेमकी खोच सापडली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी बरीच वर्षं पदवीच्या वर्गाला आधुनिक जगाचा इतिहास शिकवतोय, आणि हा धडा दरवर्षी इथेच अडतो. कराची रक्कम बघून क्रांतीचं कारण शोधलं की हाती काहीच लागत नाही. तक्रारी प्रत्येक राज्यात असतात, साम्राज्यात तर असतातच. त्यातल्या बहुतेक अर्ज-विनंत्यांत विरून जातात, काहींसाठी एखादी दंगल होते आणि पुन्हा शांतता. तेव्हा खरा प्रश्न असा घ्या: १७६३ मध्ये राजाच्या नावाने विजयोत्सव करणारी माणसं तेरा वर्षांत त्याच राजाला नाकारण्यापर्यंत कशी गेली? वर्गात मी यासाठी एक साधी सवय लावतो. प्रत्येक सनावळीपाशी थांबायचं आणि विचारायचं, त्या दिवशी तिथली कोर्टं कोण चालवत होतं, कर कोण गोळा करत होतं, आणि लोक कोणाचा हुकूम मानत होते? या प्रश्नाचं उत्तर ज्या वर्षी बदलतं, त्या वर्षी क्रांती झाली. लढाई त्यानंतरची.

आधी एक गोष्ट मान्य करतो. "अमेरिकन लोकांना काय वाटत होतं" याचं एक उत्तर नाही. बॉस्टनच्या गोदीवरचा हमाल, व्हर्जिनियातला कर्जबाजारी तंबाखू-जमीनदार, पेनसिल्व्हेनियातला क्वेकर व्यापारी आणि मॅसॅच्युसेट्सच्या आतल्या भागातला शेतकरी यांची दुखणी वेगवेगळी होती. मी पुढे मॅसॅच्युसेट्सवर जास्त बोलणार आहे, कारण गाठ तिथे घट्ट झाली. दक्षिणेकडच्या वसाहतींचा अभ्यास असेल तर जमीन, कर्ज आणि गुलामगिरी यांना तुम्हाला जास्त जागा द्यावी लागेल.

सुरुवात १७६३ पासून. फ्रान्सबरोबरचं सात वर्षांचं युद्ध ब्रिटनने जिंकलं, कॅनडा मिळाला, पण सरकारी कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या आसपास गेलं. अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिक कायम ठेवायचं ठरलं. लंडनचा हिशोब सरळ होता: फौज तुमच्या रक्षणासाठी आहे, तर खर्चातला काही वाटा तुम्ही उचला. यात अन्याय काय, असं विद्यार्थी विचारतात, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. लंडनची बाजू दुबळी नव्हती. अडचण अशी की दीडशे वर्षं या वसाहतींनी आपला कारभार बराचसा आपणच चालवला होता. प्रत्येक वसाहतीत निवडून आलेली विधानसभा होती. कर तीच बसवायची, आणि बहुतेक ठिकाणी गव्हर्नरचा पगारही तीच मंजूर करायची. समुद्रापारचे व्यापारी निर्बंध कागदावर कडक आणि बंदरावर ढिले होते. लोकांच्या लेखी हा ढिलेपणा म्हणजे हक्कच झाला होता. लंडनच्या लेखी ती निव्वळ सवलत होती. युद्ध होतं तोवर हा फरक तपासायची वेळ कोणावर आली नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजाच्या जाहीरनाम्याने अ‍ॅपलाचियन डोंगररांगेच्या पश्चिमेला वसाहत करायला बंदी घातली. पाँटिअॅकच्या नेतृत्वाखाली मूळ रहिवासी टोळ्यांनी उठाव केला होता आणि सरकारला नवी युद्धं परवडणारी नव्हती. पण पश्चिमेच्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेल्यांना, त्यात व्हर्जिनियाचे मोठे जमीनदारही आले, हा घास तोंडातून काढून घेतल्यासारखा वाटला.

आता १७६४ चा साखर कायदा पाहा. परदेशी मळीवरचा गॅलनमागे सहा पेन्सचा जुना कर त्याने अर्ध्यावर, तीन पेन्सवर आणला. कर कमी झाला आणि ओरड वाढली! कारण सहा पेन्स कोणी भरतच नव्हतं. रमच्या भट्ट्यांना लागणारी मळी अधिकाऱ्यांचे हात ओले करून फ्रेंच बेटांवरून येत होती. नवा कर वसूल करायचाच म्हणून होता. त्यासाठी जहाजाच्या प्रत्येक खेपेची कागदपत्रं सक्तीची झाली, आणि खटले आरमारी न्यायालयांकडे गेले. या न्यायालयांत ज्युरी नसे. गावातल्या बारा जणांची ज्युरी गावातल्या तस्कराला सहसा सोडून द्यायची, म्हणूनच तर ही सोय केली होती. म्हणजे पहिल्याच फेरीत पैशापेक्षा मोठं काहीतरी हललं: न्याय कोणी करायचा, हे.

तरीही साखर कायद्याचा फटका मुख्यतः बंदरांना होता. स्टॅम्प कायदा मात्र १७६५ मध्ये सगळ्यांच्या दारात आला. आपल्याला स्टॅम्प पेपरची सवय आहे म्हणून त्यातला दाह कळत नाही. खरेदीखत, कोर्टाचे कागद, दारूविक्रीचा परवाना, वर्तमानपत्र, पंचांगवजा दिनदर्शिका, पदवीचं प्रमाणपत्र, पत्त्यांचा जोड, फासे, प्रत्येकावर कर, आणि तोही ब्रिटिश चलनात, ज्याची वसाहतींत कायम चणचण. आता विचार करा, यात सगळ्यात जास्त कोण दुखावलं? वकील, छापखानेवाले आणि गुत्त्यांचे मालक. एक युक्तिवाद रचणारा, दुसरा तो छापणारा, तिसऱ्याच्या दुकानात तो मोठ्याने वाचला जाणार. सरकारने एका कायद्याने आपल्या विरोधकांची अख्खी यंत्रणा आपल्याच हाताने उभी केली. इतका आत्मघातकी कर माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

१४ ऑगस्ट १७६५ ला बॉस्टनमध्ये स्टॅम्प वितरक अँड्र्यू ऑलिव्हर यांचा पुतळा झाडाला टांगला गेला, संध्याकाळी जमावाने त्यांच्या घराची नासधूस केली, आणि दोन-चार दिवसांत त्यांनी काम सोडायचं कबूल केलं. २६ तारखेला लेफ्टनंट गव्हर्नर थॉमस हचिन्सन यांचं घर अक्षरशः भिंतींपर्यंत सोलून काढलं. इतर वसाहतींतल्या वितरकांनी हे पाहून एकामागून एक राजीनामे दिले. १ नोव्हेंबरला कायदा लागू झाला तेव्हा, जॉर्जियातला थोडा अपवाद सोडला तर, स्टॅम्प विकायला माणूसच नव्हता. दरम्यान ऑक्टोबरात नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये जमले आणि त्यांनी अत्यंत नम्र भाषेत अर्ज केला: ज्या सभागृहात आमचा प्रतिनिधी नाही, ते आमच्यावर कर बसवू शकत नाही. इथे एक बारकावा धरून ठेवा. दंगल करणारे आणि अर्ज लिहिणारे हे वेगळे लोक होते आणि एकमेकांना बिचकून होते. हचिन्सनच्या घराची लूट पाहून बॉस्टनचे प्रतिष्ठितही हादरले होते. पुढच्या दहा वर्षांची खरी कमाई म्हणजे हे दोन गट एका शिस्तीखाली आले.

मार्च १७६६ मध्ये स्टॅम्प कायदा रद्द झाला, मुख्यतः माल उठेना म्हणून रडणाऱ्या ब्रिटिश व्यापाऱ्यांमुळे. पण त्याच दिवशी दुसरा कायदा झाला: वसाहतींना सर्व बाबतींत बांधतील असे कायदे करण्याचा संसदेला अधिकार आहे. कर मागे, हक्क पुढे. पुढचं प्रत्येक भांडण या जोडीतून निघालं. यानंतर कोणताही कर, कितीही लहान असो, पैशासाठी आहे की हक्क सिद्ध करण्यासाठी, हा संशय कायमचा बसला. चहावरच्या तीन पेन्सचं वजन इथून मोजा.

ब्रिटनचे अर्थमंत्री टाउनशेंड यांचे १७६७ चे कर काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर होते. पुस्तकं इथे वस्तूंची यादी देतात आणि महत्त्वाचं सोडतात. हा पैसा जाणार कशाला? गव्हर्नर आणि न्यायाधीशांच्या पगाराला. सोसायटीचा वॉचमन पगार सोसायटीकडून घेतो तोवर सभासदांचं ऐकतो. तोच पगार उद्या बिल्डर देऊ लागला तर गेटवर उभा राहून तो कोणाकडे बघेल? विधानसभांच्या हातात एवढी एकच दोरी होती आणि तीच कापली जात होती. मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेने फेब्रुवारी १७६८ मध्ये इतर वसाहतींना परिपत्रक पाठवलं. लंडनने फर्मावलं, मागे घ्या, नाहीतर सभा बरखास्त. सभासदांनी ९२ विरुद्ध १७ मतांनी नकार दिला. सभा बरखास्त झाली आणि ऑक्टोबरात बॉस्टनच्या धक्क्यावर पलटणी उतरल्या. जेमतेम सोळा हजार वस्तीचं गाव, त्यात सैनिक, आणि हे सैनिक फावल्या वेळात कमी मजुरीवर दोरखंडाच्या कारखान्यांत कामही मागत. ५ मार्च १७७० च्या गोळीबारात पाच माणसं मेली, त्यामागे तीनच दिवसांपूर्वीची अशाच एका कारखान्यातली मारामारी होती.

या गोळीबारानंतर क्रांती व्हायला हवी होती, नाही का? झाली नाही. सैनिकांवर रीतसर खटला चालला, त्यांचं वकीलपत्र जॉन अ‍ॅडम्स यांनी घेतलं, कॅप्टन प्रेस्टन आणि सहा सैनिक सुटले, दोघांना सदोष मनुष्यवधासाठी अंगठ्यावर डाग देण्यात आला. योगायोग असा की ५ मार्चलाच लंडनमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ टाउनशेंडचे बहुतेक कर मागे घेण्याचा प्रस्ताव मांडत होते. उरला फक्त चहावरचा. ब्रिटिश मालावरचा बहिष्कार त्याच वर्षी मोडला. आधी न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी आयात सुरू केली, मग इतरांनी. १७७१ मध्ये कोणी तुम्हाला सांगितलं असतं की पाच वर्षांत हे स्वतंत्र होणार, तर हसलाच असता. म्हणून "ठिणगी, वणवा" छापाचं लिखाण मी उत्तरपत्रिकेत खोडतो. तक्रारी साचत गेल्या आणि एक दिवस स्फोट झाला, असं घडलेलं नाही. १७७० ला बरीचशी वाफ निघून गेली होती.

बहिष्कार फसला तरी त्यातून दोन गोष्टी शिल्लक राहिल्या. एक म्हणजे राजकारण घरात शिरलं. आयात कापड नको म्हटल्यावर सूत कातायचं कोणी? बायकांनी. न्यू इंग्लंडच्या गावोगावी धर्मोपदेशकाच्या अंगणात चरख्यांचे मेळावे भरले. १९०५ नंतर स्वदेशीचं जे रूप आपल्याकडे दिसलं, ते वाचलेल्याला हे ओळखीचं वाटेल. दुसरी गोष्ट म्हणजे धडा: व्यापाऱ्यांच्या मर्जीवर चाललेला बहिष्कार टिकत नाही.

हा धडा बॉस्टनचे पुढारी सॅम्युअल अ‍ॅडम्स यांनी नीट घेतला. १७७२ मध्ये कळलं की मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर आणि वरिष्ठ न्यायाधीश आता थेट राजाच्या तिजोरीतून पगार घेणार. विधानसभा बोलवायचा अधिकार गव्हर्नरचा, म्हणजे तिथे दाद नाही. तेव्हा २ नोव्हेंबर १७७२ ला बॉस्टनच्या गावसभेने एकवीस जणांची पत्रव्यवहार समिती नेमली. समितीने हक्क आणि तक्रारींचा मसुदा छापून प्रांतातल्या गावांना पाठवला आणि विचारलं, तुमचं मत कळवा. शंभराहून अधिक गावांनी सभा भरवून, ठराव करून उत्तरं धाडली. दिसायला ही नुसती पत्रापत्री. पण ज्या शेतकऱ्याने आयुष्यात बंदर पाहिलं नव्हतं, त्याने चर्चच्या बाकावर बसून "न्यायाधीशाचा पगार कोणी द्यावा" यावर हात वर करून मत दिलं. मार्च १७७३ मध्ये व्हर्जिनियाने वसाहती-वसाहतींमध्ये अशाच समित्या नेमण्याची कल्पना मांडली.

इथवरचं जुळवून घेऊ. १७६५ ला संताप होता पण बांधणी नव्हती. १७७० ला बांधणी व्यापाऱ्यांच्या हाती होती आणि ती सुटली. १७७३ च्या सुरुवातीला संताप थंड होता, पण गावागावांत एक जाळं विणून तयार होतं. त्यात चहा येऊन पडला.

चहाची कथा भारतातून सुरू होते, निदान आपण तरी ती तिथून सांगायला हवी. ऑगस्ट १७६५ मध्ये, बॉस्टनमध्ये पुतळे टांगले जात होते त्याच महिन्यात, क्लाइव्हने ईस्ट इंडिया कंपनीसाठी बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करायचा हक्क, मिळवली. कंपनीकडे आता पैशाचा पूर वाहणार अशी समजूत झाली, आणि ब्रिटिश सरकारने १७६७ पासून तिच्याकडून वर्षाला चार लाख पौंड घ्यायला सुरुवात केली. मग १७७० चा बंगालचा भीषण दुष्काळ, लष्करी खर्च, अधिकाऱ्यांची लूट. १७७२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात आणि लंडनच्या गोदामांत सुमारे पावणेदोन कोटी पौंड वजनाचा, चीनहून आणलेला चहा पडून. सरकारने १७७३ मध्ये कंपनीला वाचवलं. त्या मदतीचे तीन तुकडे होते: चौदा लाख पौंडांचं कर्ज, कंपनीच्या कारभारावर सरकारी अंकुश आणणारा, आपल्या अभ्यासक्रमातला रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट आणि अमेरिकेसाठीचा चहा कायदा. हे तीन तुकडे आपण तीन वेगळ्या प्रकरणांत शिकवतो, याची मला नेहमी चुटपुट वाटते.

चहा कायद्याने कंपनीला ब्रिटनमधलं आयातशुल्क परत मिळू लागलं आणि मधले लिलाव, दलाल टाळून आपल्याच अडत्यांमार्फत अमेरिकेत माल विकायची मुभा मिळाली. चहा स्वस्त झाला, डच तस्करीच्या मालाशी टक्कर देण्याइतका. दर पौंडामागचा, म्हणजे साधारण अर्ध्या किलोमागचा, तीन पेन्सचा कर मात्र तसाच ठेवला. तो काढून टाका, चहा आपोआप खपेल, अशी सूचना संसदेत झाली होती. नॉर्थनी ऐकलं नाही. त्या करातून अधिकाऱ्यांचे पगार निघायचे आणि हक्काचा प्रश्नही होताच. मग तुमचा प्रश्न: स्वस्त चहाला विरोध का? कारण स्वस्ताईच आमिष होती. लोकांनी तो चहा घेतला की कर भरला गेला, आणि कर भरला की हक्क मान्य झाला. त्यात मक्तेदारीची भीती. आज चहा, उद्या दुसरा माल. फिलाडेल्फियाच्या जॉन डिकिन्सन यांनी "रस्टिकस" या टोपणनावाने लिहिलेल्या पत्रकात कंपनीने आशियात काय केलं याचा पाढा वाचला होता, बंगालच्या दुष्काळातल्या मृत्यूंसकट. बंगालची राख अमेरिकेतल्या वादात अशी पोचली होती.

बॉस्टनमध्येच स्फोट का झाला हे समजायला जकातीचा एक नियम माहीत हवा. जहाज बंदरात शिरल्यापासून वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त होई. "डार्टमथ" २८ नोव्हेंबरला आलं, म्हणजे १६ डिसेंबर ही शेवटची रात्र. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाला चहाची जहाजं परत फिरवण्यात आली. चार्ल्सटनला चहा उतरून सरकारी तळघरात पडून राहिला. बॉस्टनला मात्र गव्हर्नर होते तेच हचिन्सन, ज्यांचं घर आठ वर्षांपूर्वी लुटलं गेलं होतं, आणि चहाच्या अडत्यांत त्यांची दोन मुलं. जहाजमालक रॉच माल न उतरवता परत जायला तयार होता. ओल्ड साउथ सभागृहात हजारो लोक वाट बघत बसले असताना त्याला गव्हर्नरांच्या गावाबाहेरच्या घरी परवाना मागायला पाठवलं गेलं. अंधार पडल्यावर तो नकार घेऊन परतला. त्यानंतर सुमारे तीन तासांत तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून पाण्यात गेल्या. सुमारे बेचाळीस टन चहा, कंपनीच्या हिशोबाने ९,६५९ पौंडांचा. १७६५ च्या लुटीशी याची तुलना करा. या वेळी बाकी कशालाही हात लागला नाही. मघाशी म्हटलेली शिस्त ती हीच.

लंडनचं उत्तर १७७४ मध्ये आलं. नुकसानभरपाई होईपर्यंत, १ जूनपासून, बॉस्टन बंदर बंद. याने बॉस्टनचे लोक उपाशी मरायची वेळ आली आणि इतर वसाहतींतून धान्य, मेंढरं यायला लागली. पण माझ्या मते निर्णायक कायदा दुसरा होता, मॅसॅच्युसेट्सच्या कारभाराचा. सल्लागार मंडळ आता राजा नेमणार, ज्युरी शेरीफ निवडणार, आणि गव्हर्नरच्या परवानगीशिवाय गावसभा वर्षातून एकदाच. चहाशी ज्याचा काही संबंध नव्हता, त्या आतल्या भागातल्या शेतकऱ्याला हा कायदा थेट लागला. त्याच्यावर कर्जाचा दावा लागला तर जमीन जप्त करणारं कोर्ट आता पूर्णपणे परक्याच्या हातात जाणार होतं.

६ सप्टेंबर १७७४, वुस्टर. कोर्टाचं सत्र उघडायचा दिवस. सदतीस गावांतून ४,६२२ पुरुष आपापल्या गावाच्या तुकडीने आले होते. आकडा इतका नेमका आहे कारण त्यांनी स्वतःच मोजदाद केली होती. कोर्टाच्या इमारतीत न्यायाधीशांना शिरूच दिलं नाही. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं रांगेने उभी राहिली आणि न्यायाधीश, वकील, शेरीफ यांना मधून चालायला लावलं, टोप्या हातात घेऊन. थोडं चाललं की थांबायचं आणि नव्या कायद्याखालचा अधिकार आपण सोडत आहोत हा कबुलीजबाब वाचायचा, म्हणजे पुढच्या गावाच्या तुकडीलाही ऐकू जावा. तीसहून अधिक वेळा वाचावा लागला. एकही गोळी सुटली नाही, आणि संध्याकाळपर्यंत त्या परगण्यात राजाचं राज्य उरलं नव्हतं. ग्रेट बॅरिंग्टन, स्प्रिंगफील्डलाही याच सुमारास कोर्टं अशीच बंद पडली होती. पाठ्यपुस्तकांत याला ओळही नसते, कारण कोणी मेलं नाही.

आणि आता कराकडे परत या. ऑक्टोबर १७७४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसने, जी कायद्याने अस्तित्वातच नव्हती, गावांना कळवलं की वसूल झालेला कर राजाच्या खजिनदाराकडे न देता आम्ही नेमलेल्या हेन्री गार्डनर यांच्याकडे द्या. कर भरायचा नाही असं त्यांनी म्हटलंच नाही. खजिनदार बदलला. तुमच्या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात छोटं उत्तर हेच आहे.

त्याच शरद ऋतूत फिलाडेल्फियाला बारा वसाहतींचे प्रतिनिधी जमले. या पहिल्या काँग्रेसने १ डिसेंबरपासून ब्रिटिश मालाची आयात बंद करायचं ठरवलं, आणि या वेळी अंमलबजावणी व्यापाऱ्यांवर सोडली नाही. प्रत्येक परगण्यात, शहरात, गावात मतदारांनी समिती निवडायची. समितीने नजर ठेवायची. मोडणाऱ्याचं नाव वर्तमानपत्रात छापायचं. हजारो साधी माणसं अशी पहिल्यांदा सत्तेच्या जागी बसली. त्यात जुलूमही होता, हे झाकू नये. शेजाऱ्याच्या घरी चहा शिजतो का हे बघणारे, छापखाने बंद पाडणारे, विरोधकांच्या अंगाला डांबर-पिसं फासणारे हेच लोक. पण व्हर्जिनियाचे गव्हर्नर डनमोर डिसेंबरातच लंडनला कळवत होते की परगण्या-परगण्यांत समित्यांचाच हुकूम चालतो. एप्रिल १७७५ मध्ये ब्रिटिश सेनापती जनरल गेज यांची फौज काँकर्डचा दारूगोळा जप्त करायला निघाली आणि लेक्सिंग्टनला गोळी सुटली, तेव्हा ती गेलेली सत्ता परत मिळवायला निघालेली होती.

यानंतरही चौदा महिने स्वातंत्र्याचा उच्चार टाळला गेला. का? कारण तोवरची सगळी मांडणी "राजा भला, कारभारी वाईट" अशी होती. तक्रार संसदेविरुद्ध, दाद राजाकडे. जुलै १७७५ मध्ये शेवटचा अर्ज गेला. राजाने तो स्वीकारलाही नाही आणि ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर असल्याचं जाहीर केलं. मग भाडोत्री जर्मन सैनिक आणि जहाजं जप्त करणारा कायदा. जानेवारी १७७६ मध्ये थॉमस पेन यांच्या "कॉमन सेन्स" या पुस्तिकेने राजेशाहीलाच हात घातला तेव्हा वाचक तयार झालेला होता. जुलैच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या सत्तावीस तक्रारी काढून वाचा: जवळपास प्रत्येकीचा कर्ता "त्याने", म्हणजे राजाने, असा आहे आणि संसदेचं नावही नाही. दाद मागायची शेवटची जागा गेली होती, म्हणून आरोप तिथेच ठेवला.

व्यापाऱ्यांनी भडकवलं का, याबद्दल. १७६५ ला काही प्रमाणात हो. पण १७७० ला तेच मागे हटले, आणि १७७४ ला वुस्टरच्या रस्त्यावर व्यापारी नव्हते, शेतकरी होते. व्यापारी वर्ग शेवटी दुभंगला. युद्धानंतर देश सोडून गेलेल्या साठ हजारांच्या आसपास राजनिष्ठांत व्यापारी कमी नव्हते.

शेवटी एक पडताळा, जो मी वर्गात नेहमी करून घेतो. अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहती तेरापेक्षा जास्त होत्या. स्टॅम्प कायदा जमैका आणि बार्बाडोसलाही लागू होता. तिथे कर भरला गेला. जमैकाच्या विधानसभेने डिसेंबर १७७४ मध्ये राजाकडे अर्ज करून उत्तरेकडच्या वसाहतींची बाजूही घेतली, आणि त्याच अर्जात सांगितलं की आमच्याकडून प्रतिकार शक्य नाही. तिथल्या दहापैकी नऊ माणसं गुलाम होती, १७६० चं गुलामांचं बंड ताजं होतं, मळेवाल्यांना ब्रिटिश पलटण हवी होती आणि साखरेला ब्रिटनचं राखीव गिऱ्हाईक. तक्रार तीच, तत्त्वही तेच, परिणाम उलटा. व्हर्जिनियातही हीच भीती उलट्या दिशेने काम करून गेली. नोव्हेंबर १७७५ मध्ये डनमोरनी बंडखोर मालकांच्या गुलामांना, राजासाठी लढले तर, मुक्तीचं वचन दिलं. शेकडो गुलाम पळून त्यांना मिळाले आणि कुंपणावरचे अनेक जमीनदार त्या एका घोषणेने क्रांतीच्या बाजूला गेले. स्वातंत्र्याच्या गोष्टीतलं हे पान उत्तरात वगळू नका.

उत्तर लिहिताना चारही करांना सारखी जागा देऊ नका. १७६६ ची जोडी, पगाराचा मुद्दा, १७७२ च्या समित्या आणि १७७४ ची कोर्टं, यांना निम्म्याहून अधिक जागा द्या. लेक्सिंग्टन दोन ओळींत भागतं. ज्यांचा वैकल्पिक विषय मराठ्यांचा इतिहास आहे त्यांनी एक धागा जोडून पाहावा. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच माणूस पुण्यात नाना फडणविसांकडे आला आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. १७७८ मध्ये फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने युद्धात उतरला. वडगावची लढाई ते सालबाईचा तह या सगळ्या काळात इंग्रज दोन्ही गोलार्धांत गुंतलेले होते. आणि यॉर्कटाउनला १७८१ मध्ये शरण गेलेले इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाचच वर्षांत गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला उतरले, हे तर तुमच्या अभ्यासक्रमातच आहे.